दादर आठव्या उडीला: लिंक्ड लिस्टमधून क्रमांकाने नोड काढायचा कसा

लालबागला आमच्या चाळीशेजारी एक दवाखाना होता. डॉक्टर संध्याकाळी सहाला यायचे, पेशंट साडेचारपासून. टोकन वगैरे प्रकार नव्हता. दारात पाऊल टाकलं की आई विचारायची, "शेवटचं कोण?" बाकावरची एखादी मावशी हात वर करायची, "मी. माझ्यामागे तुम्ही." झालं, नंबर लागला. मग आई मला तिथे बसवून भाजी घ्यायला जायची. बाकीचे कोणी बाहेर कट्ट्यावर, कोणी समोर पानवाल्याकडे, कोणी चक्क घरी जाऊन कुकर लावून यायचं. कोण कुठे बसलंय आणि कोणाचा नंबर कितवा, याचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रत्येकाला ठाऊक फक्त एवढंच, की आपल्यामागे कोण. तरी रांग कधी मोडली नाही.

त्या दवाखान्यात कोणी विचारलं असतं, "आठवा पेशंट कुठला?", तर कंपाउंडर पहिल्या माणसाकडे गेला असता. तुमच्यामागे कोण? ते निळ्या शर्टातले, पानवाल्याकडे उभे आहेत ते. तिकडे जा, त्यांना विचारा. त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. जिना चढा. असं करत करत आठव्यापर्यंत. मधल्या एकालाही गाळता येत नाही, कारण पुढचा पत्ता फक्त त्याच्याकडेच आहे.

लिंक्ड लिस्ट ती हीच. परळला संध्याकाळच्या बॅचला मी बीएस्सी आयटीच्या मुलांना डेटा स्ट्रक्चर शिकवते आणि दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला कोणीतरी लिस्टच्या नावापुढे चौकटी कंस टाकून आत सात लिहितं. मग कंपायलर ओरडतो, आणि मुलगा माझ्याकडे बघतो, जणू मीच नियम केलाय. तर नियम कुठून आला ते आधी, आणि मग काम कसं करायचं ते.

अ‍ॅरेला जमतं ते इथे का जमत नाही

अ‍ॅरे म्हणजे ओळीने मांडलेल्या, सारख्या मापाच्या खुर्च्या. समजा पहिली खुर्ची मेमरीत १००० या पत्त्यावर आहे आणि प्रत्येक आकडा ४ बाइट खातो. इंडेक्स ७ वरचा आकडा कुठे? १००० अधिक ७ गुणिले ४, म्हणजे १०२८. एक गुणाकार, एक बेरीज. सातच्या जागी सात लाख असले तरी मेहनत तेवढीच. इंडेक्स शून्यापासून का सुरू होतो, याचं उत्तरही इथेच आहे: इंडेक्स म्हणजे "कितवा" नव्हे, "सुरुवातीपासून किती खुर्च्या पुढे" असा तो आकडा आहे. पहिली खुर्ची शून्य खुर्च्या पुढे.

लिस्टचा नोड म्हणजे डेटा आणि पुढच्या नोडचा पत्ता यांची जोडी. हे नोड ओळीने नसतात. नवा नोड लागला की मेमरीत जिथे जागा मिळेल तिथे तो पडतो. एक पानवाल्याकडे, एक दुसऱ्या मजल्यावर. म्हणून गुणाकार करायला काही हाती नाही. हाती असतो फक्त हेड, म्हणजे पहिल्या नोडचा पत्ता. क्रमांक हा नोडमध्ये कुठेही लिहिलेला नसतो. तो मोजूनच कळतो.

या मोजण्याला पुस्तकात ओ ऑफ एन म्हणतात, म्हणजे लिस्ट जितकी लांब तितकी मेहनत. परीक्षेत तेवढं लिहून मार्क मिळतात. कोड लिहिताना मात्र ते डोक्यात मुरलेलं असावं लागतं.

लिस्ट घेऊया ओळखीची

उदाहरणाला मी पश्चिम रेल्वेची स्लो लोकल घेते. मुलांना ती पाठ असते आणि चूक झाली तर लगेच कळते. चर्चगेट हेड. चर्चगेटचा पुढचा मरीन लाइन्स, त्याचा चर्नी रोड, मग ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. अशी डहाणू रोडपर्यंत ३७ स्टेशनं. डहाणू रोडचा पुढचा रिकामा.

प्रभादेवीवरून आठवलं. २०१८ पर्यंत त्याचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. नाव बदललं तेव्हा लोअर परळ आणि दादर यांच्यामधली त्याची जागा बदलली नाही. नोडमधला डेटा बदलणं आणि नोडचा दुवा बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला याहून सोप्या उदाहरणाने आजवर सांगता आलेलं नाही.

आता क्रमांक देऊन नोड काढायचं फंक्शन. फळ्यावर मी ते मराठीतच लिहिते. मुलं इंग्रजी कोड बघितला की विचार न करता उतरवायला लागतात. मराठीत लिहिलं की वाचावं लागतं.

    फंक्शन नोड_काढ : यादी, क्रमांक
        जर क्रमांक < ० तर चूक कळव
        चालू = यादी.हेड
        उड्या = ०
        जोवर चालू रिकामा नाही आणि उड्या < क्रमांक
            चालू = चालू.पुढचा
            उड्या = उड्या + १
        जर चालू रिकामा तर चूक कळव
        परत दे चालू

हे टाइप करायच्या आधी कागदावर चालवा. कागदावर स्टेशनांची नावं लिहा, चर्चगेटवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि क्रमांक ८ मागा. नाणं चर्चगेटवर असताना उड्या शून्य. मरीन लाइन्सवर एक. मुंबई सेंट्रलवर चार. दादरवर आठ, आणि आठ ही आठपेक्षा कमी नाही, म्हणून लूप थांबला. दादर मिळालं.

पण बोटं मोजून पाहिली तर दादर हे नववं स्टेशन आहे. वर्गात इथे हमखास भांडण होतं. अर्धा वर्ग म्हणतो आठवं, अर्धा म्हणतो नववं, आणि दोघंही बरोबर असतात. स्टेशनं नऊ, त्यांच्यामधली अंतरं आठ. तुमचा व्हेरिएबल नक्की काय मोजतोय, स्टेशनं की उड्या, हे एकदा ठरवा आणि त्याचं नाव तसंच ठेवा. माझ्या कोडमध्ये "उड्या" हे नाव म्हणूनच आहे. "आय" लिहिलं असतं तर दोन दिवसांनी मलाच आठवलं नसतं. लूपच्या अटीत "पेक्षा कमी" की "पेक्षा कमी किंवा समान" हा प्रश्न पडला की नाणं काढा आणि क्रमांक ० मागा. शून्य उड्या, म्हणजे लूप एकदाही चालता कामा नये आणि चर्चगेट मिळायला हवं. "किंवा समान" लिहिलं असेल तर मरीन लाइन्स हाती येईल. एका झटक्यात निकाल.

दुसरी गोष्ट, अट लिहिताना "चालू रिकामा नाही" ही तपासणी आधी, मगच उडी. उलट केलंत तर डहाणू रोडच्या पुढे रूळ नसताना गाडी पुढे काढल्यासारखं होईल. सीमध्ये सेगमेंटेशन फॉल्ट, जावामध्ये नल पॉइंटर एक्सेप्शन, पायथनमध्ये नन-टाइपला असं अ‍ॅट्रिब्यूट नाही अशी तक्रार. आजार एकच, नावं तीन.

फंक्शन स्टेशनचं नाव परत देत नाही, अख्खा नोड देतं, हेही पाहून ठेवा. नुसतं नाव छापायचं असेल तर नाव दिलं असतं तरी चाललं असतं. पण एवढी पायपीट करून तिथवर गेल्यावर हातात फक्त नाव घेऊन परत यायचं, आणि मग तिथेच काही घालायचं किंवा काढायचं झालं की पुन्हा चर्चगेटपासून सुरू? नोडच हातात ठेवा.

हेच फंक्शन रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून, तीन ओळींत बसतं: क्रमांक शून्य असेल तर हाच नोड, नाहीतर पुढच्या नोडला क्रमांक वजा एक विचार. दिसायला देखणं आहे. पण पायथनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते, आणि हजाराच्या पुढची लिस्ट आली की हे देखणेपण उतरतं. मी लूपच लिहिते.

राम मंदिर: मध्ये घुसवायचं तर एक आधी थांबा

डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये राम मंदिर स्टेशन सुरू झालं. त्याआधी अंधेरी १५, जोगेश्वरी १६, गोरेगाव १७. नव्या स्टेशनला १७ क्रमांक द्यायचाय. मग नोड_काढला कोणता क्रमांक मागायचा? १७ नाही, १६. कारण बदलायचा आहे तो जोगेश्वरीचा "पुढचा". गोरेगावला जाऊन उभे राहिलात तर मागे वळता येत नाही. एकेरी लिस्टमध्ये परतीची गाडीच नसते.

    आधीचा = नोड_काढ : यादी, १६
    नवा.पुढचा = आधीचा.पुढचा
    आधीचा.पुढचा = नवा

शेवटच्या दोन ओळींचा क्रम उलटा करून बघा, फक्त कागदावर. आधी जोगेश्वरीचा पुढचा राम मंदिर केला. मग राम मंदिरचा पुढचा म्हणजे जोगेश्वरीचा पुढचा, म्हणजे राम मंदिर स्वतःच. गाडी राम मंदिरला गेली की पुढचं स्टेशन राम मंदिर, त्याच्या पुढचं राम मंदिर, आणि गोरेगावपासून डहाणूपर्यंतची सगळी स्टेशनं नकाशातून गायब. माझ्या वर्गात हा प्रोग्राम चालू करून एक मुलगा दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसला होता. त्याला वाटलं मशीन स्लो आहे.

क्रमांक ० वर घालायचं असेल तर "आधीचा" असा कोणी नसतोच, तिथे हेड बदलावा लागतो. ती वेगळी जर-तर लिहा. काही जण हेडच्या आधी एक खोटा नोड ठेवतात म्हणजे ही वेगळी अट लागत नाही. तेही चांगलं. आणि घालताना शेवटच्या नोडच्या पुढचा क्रमांकही वैध असतो, कारण शेवटी जोडता आलं पाहिजे. काढताना तो वैध नसतो. ३७ स्टेशनांच्या लिस्टमध्ये वाचायला ० ते ३६, घालायला ० ते ३७.

आता मला ज्यासाठी हा सगळा प्रपंच करायचा होता ती गोष्ट. राम मंदिर घुसलं तेव्हा गोरेगावच्या नोडला कोणी हातही लावला नाही. त्याचा डेटा तोच, पुढचा तोच मालाड. तरी त्याचा क्रमांक १७ चा १८ झाला, मालाडचा १८ चा १९, आणि असं पार डहाणूपर्यंत. म्हणजे "गोरेगाव १७ वर आहे" असं कोणी वहीत लिहून ठेवलं असेल तर तो आता राम मंदिरला उतरणार. लिस्टमधला क्रमांक म्हणजे पत्ता नव्हे, त्या क्षणाची मोजदाद आहे. साठवून ठेवायचाच असेल तर नोडचा संदर्भ साठवा.

माझी रात्रपाळी

शिकवायला लागण्याआधी मी अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत जावा लिहायचे. महिन्याच्या शेवटी सगळ्या नोंदींचा अहवाल निघायचा. त्या नोंदी जावाच्या लिंक्डलिस्टमध्ये होत्या, आणि मी लूप असा लिहिला होता: ० पासून साइझपर्यंत, प्रत्येक फेरीत गेट आय (म्हणजे "आय क्रमांकाची नोंद दे") करून नाव, गेट आय करून तारीख, गेट आय करून रक्कम. दोनशे ओळींवर तपासलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल. खूश.

प्रत्यक्षात नोंदी तीन लाखांच्या घरात होत्या. एरवी चहा पिऊन येईपर्यंत आटपणारं काम दोन तास झाले तरी चालूच. साहेबांचा फोन, शेवटची विरार गेली, मी ऑफिसातच. आधी डेटाबेसला शिव्या घातल्या, मग नेटवर्कला. पहाटे कधीतरी लक्षात आलं की गेट आय ही ओळ दिसते अ‍ॅरेसारखी, पण आतून प्रत्येक वेळी चर्चगेटहून निघते. पहिल्या नोंदीला शून्य उड्या, दुसरीला एक, तिसरीला दोन. दादर छापलं, परत चर्चगेट. माटुंगा रोड छापलं, परत चर्चगेट. आणि मी तर प्रत्येक नोंदीसाठी तीनदा पाठवत होते.

हिशोब करून बघा. ३७ स्टेशनं अशी छापली तर ० अधिक १ अधिक २ असं ३६ पर्यंत, एकूण ६६६ उड्या. सरळ चालत गेलं असतं तर ३६. एक लाख नोड असतील तर सुमारे ५०० कोटी उड्या. सरळ चाललात तर एक लाखाला एक कमी. जावाची लिंक्डलिस्ट दुहेरी असते, म्हणजे तिच्यात प्रत्येक नोडला आधीचाही ठाऊक असतो, आणि मागितलेला क्रमांक अर्ध्याच्या पुढे असेल तर ती शेवटाकडून मोजत येते, म्हणून ५०० चे साधारण २५० कोटी होतात. एवढीच काय ती दया.

उपाय एका ओळीचा होता. इटरेटर वापरायचा, म्हणजे जावामध्ये नुसता फॉर-ईच लूप.

    चालू = यादी.हेड
    जोवर चालू रिकामा नाही
        छाप चालू.नाव
        चालू = चालू.पुढचा

क्रमांकही छापायचा असेल तर बाजूला एक मोजणी वाढवत न्या. गाडीत बसलेला माणूस दर स्टेशनला उतरून चर्चगेटला परत जात नाही. आहे तिथून पुढे जातो. इटरेटर म्हणजे तो बसलेला माणूस.

क्रमांक मागेपुढे उड्या मारत येत असतील, पण जवळजवळचे असतील, तर शेवटचा सापडलेला नोड आणि त्याचा क्रमांक अशी जोडी जपून ठेवा. मागच्या वेळी १५ काढला आणि आता १८ हवा, तर अंधेरीहून तीन उड्या. मधल्या काळात लिस्टमध्ये कोणी घातलं-काढलं तर मात्र ती जोडी फेकून द्यायची. जावा याबाबत कडक आहे: इटरेटर चालू असताना बाहेरून लिस्ट बदललीत तर तो बहुधा पुढच्याच पावलाला कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन फेकतो. काढायचंच असेल तर इटरेटरच्याच रिमूव्हने काढा. सी प्लस प्लसची लिस्ट जास्त मोकळी. तिथे मध्ये काही घातलं तरी जुने इटरेटर वैध राहतात, फक्त खोडलेल्या नोडवरचा निकामी होतो.

शेवटून मोजायचं असेल तर

"शेवटून तिसरं स्टेशन काढा." मुलं आधी लांबी मोजतात, ३७, मग ३७ वजा ३ म्हणजे ३४ क्रमांक मागतात. चूक काहीच नाही. पण एकाच फेरीत होतं. दोन नाणी घ्या. पुढचं नाणं आधी तीन उड्या पुढे न्या. तीन उड्या पूर्ण व्हायच्या आधीच नाणं रिकाम्यात पडलं तर तेवढी स्टेशनंच नाहीत, चूक कळवा. मग दोन्ही नाणी एकेक उडी बरोबर चालवा. पुढचं नाणं रिकाम्यात पडलं की मागचं जिथे असेल ते शेवटून तिसरं: उमरोळी नाही, बोईसर नाही... थांबा, मी शेवटून लिहिते: डहाणू रोड, वाणगाव, बोईसर. हं, बोईसर. बघा, मलाही मोजावंच लागलं.

मधला नोड हवा असेल तर एक नाणं एकेक उडी आणि दुसरं दोन-दोन उड्या. दुसरं टोकाला पोहोचलं की पहिलं मध्यावर. मुलाखतीत हे विचारतातच. लिस्ट दुहेरी असेल, तर शेपटाकडून उलटं चालायला मोकळे.

फास्ट लोकल

क्रमांकानेही पोहोचायचं, मध्ये घालणं-काढणंही वरचेवर, आणि लिस्ट मोठी. अशा वेळी काय? चर्चगेटहून गोरेगावला निघालेला मुंबईकर काय करतो? फास्ट पकडतो, अंधेरीला उतरतो, स्लो घेतो.

संगणकशास्त्रज्ञ विल्यम प्यू यांनी १९८९ मध्ये मांडलेली स्किप लिस्ट हेच करते. खालच्या थरात सगळे नोड, वरच्या थरात निवडक. प्यूंच्या रचनेत कुठला नोड वर जाणार हे नाणेफेकीवर ठरतं, रेल्वे बोर्डावर नाही. क्रमांकाने शोधायचं तर वरच्या प्रत्येक दुव्यावर तो किती स्टेशनं ओलांडतो ते लिहून ठेवायचं. चर्चगेट ते मुंबई सेंट्रल ४, तिथून दादर ४, वांद्रे ३, अंधेरी ४, बोरिवली ६.

आता १८ मागा. फास्टने ४, ८, ११, १५. पुढची उडी टाकली तर २१, म्हणजे जास्त, उतरा. स्लोने १६, १७, १८. अठराच्या जागी सात उड्या. राम मंदिर आलं तेव्हा अंधेरी-बोरिवली दुव्यावरचा ५ चा ६ करावा लागला, एवढाच जादा खर्च; बोरिवलीच्या पुढच्या दुव्यांना हात लावावा लागला नाही. रेडिस नावाच्या डेटाबेसमध्ये मोठ्या सॉर्टेड सेटसाठी, म्हणजे गुणांनुसार लावलेल्या यादीसाठी, आतून अशीच स्किप लिस्ट असते, दुव्यांवरच्या या आकड्यांसकट, आणि म्हणून तिथे "या खेळाडूचा नंबर कितवा" हे चटकन सांगता येतं.

तुमच्या भाषेत काय मिळतं

पायथनमधली लिस्ट ही नावाला लिस्ट. आतून ती अ‍ॅरे आहे, चौकटी कंस बिनधास्त वापरा. पायथनचा डेक मात्र जोडलेल्या तुकड्यांचा असतो, त्यामुळे दोन्ही टोकांना चपळ आणि मध्यावर इंडेक्स मागितला तर रेंगाळणारा. सी प्लस प्लसच्या लिस्टला चौकटी कंस मुद्दामच दिलेला नाही. नेक्स्ट नावाचं फंक्शन आहे, त्याला बिगिन आणि उड्यांची संख्या द्या. रस्टमध्ये इटरेटरवर एनटीएच. सी शार्पच्या लिंक्डलिस्टलाही इंडेक्सर नाही, एलिमेंटअ‍ॅट वापरता येतं. या तिघींचा मला आदर वाटतो, कारण त्या महाग गोष्ट स्वस्त दाखवत नाहीत. जावाने गेट दिलं आणि माझी एक रात्र घेतली. जावात रँडमअ‍ॅक्सेस नावाचा एक रिकामा इंटरफेस आहे, नुसता बिल्ला. अ‍ॅरेलिस्टने तो लावलाय, लिंक्डलिस्टने नाही. म्हणजे सांगितलं होतं, मी वाचलं नव्हतं.

आणि क्रमांकाने वाचणं हेच मुख्य काम असेल तर लिस्ट सोडा, अ‍ॅरे घ्या. नुसता उड्यांचा प्रश्न नाही. आजचे बरेचसे प्रोसेसर मेमरीतून एका खेपेला ६४ बाइट उचलतात. चार-चार बाइटांचे सोळा आकडे अ‍ॅरेतून एकदम येतात. लिस्टमध्ये पुढचा नोड भलत्याच गल्लीत, त्यामुळे पुष्कळदा दर नोडला नवी खेप. १९५५-५६ च्या सुमारास न्यूएल, शॉ आणि सायमन या संशोधकांनी लिंक्ड लिस्ट वापरायला सुरुवात केली तेव्हा हा हिशोब वेगळा होता.

आता वही उघडा. नोड_काढ तुमच्या भाषेत लिहा, ३७ स्टेशनं भरा आणि हे क्रमांक द्या: ०, ८, १८, ३६, ३७, उणे १. मग लिस्ट पूर्ण रिकामी करून पुन्हा ०. उत्तरं यायला हवीत: चर्चगेट, दादर, गोरेगाव, डहाणू रोड, चूक, चूक, चूक. शेवटचं बहुतेकांचं फुटतं, कारण रिकाम्या लिस्टमध्ये हेडचं नाव छापायला जातात. गोरेगावच्या जागी मालाड आलं तर कंपायलर बंद करा आणि नाणं काढा.